बॉनेटवरचं कुंकू

सुलक्षणा खुटवडला वाट बघायला लावणं सोपं आहे, घाई करायला लावणं महाकठीण. शिवऱ्यात हायवेच्या कडेला, ढाब्यांच्या रांगेमागे तिची पत्र्याची शेड आहे. दारावर निळ्या रंगात लिहिलंय, 'गाडीला कोटिंग करून मिळेल'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'घाई असेल तर पुढे जावे'. ही दुसरी ओळ तिच्या नवऱ्याला, इंद्रजितला, अजिबात पसंत नाही. तो टेम्पो चालवतो. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला पुढे जा म्हणणं त्याच्या जिवावर येतं. पण ती ओळ पुसायची त्याची अजून छाती झालेली नाही.

ज्यांना हे कोटिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांना थोडक्यात सांगतो. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पातळ थर चढवायचा. बाटलीत पाण्यासारखा दिसणारा द्रव असतो. स्पंजाला मऊ फडकं गुंडाळायचं, त्यावर चार थेंब टाकायचे आणि गाडीवर उभा-आडवा हात फिरवायचा. थोडं थांबलं की रंगावर तेलाच्या तवंगासारखी झाक दिसते. ती दिसली की कापडानं पुसून एकसारखं करायचं, आणि मग थर सुकू द्यायचा. मग दुसरा थर, कुणाला हवा असेल तर तिसरा. पुढे हायवेची धूळ, डांबराचे शिंतोडे, पाखरांची घाण रंगापर्यंत पोचत नाही, वरच्यावर निघून येते. सांगायला सोपं आहे. करताना मात्र बराचसा वेळ काहीच न करण्यात जातो, आणि ते काहीच न करणं भल्याभल्यांना जमत नाही. नवी गाडी दिसली की आपला हात शिवशिवतो, एक बोट तरी फिरवून बघावंसं वाटतंच.

थांबायचं कसं ते सुलक्षणाला तिच्या आईनं शिकवलं, तेही खळ्यावर. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात तिचं माहेर. धरणात काही खाचरं गेली, काही राहिली, आणि राहिलेल्यांतलं भात पिवळं पडायला लागलं की तिची आई अक्काबाई खळं करायला घ्यायची. जमीन चोपायची, शेणाचा पातळ काला करायचा आणि हातानं सारवायचं. पहिला हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. एकदाच जाड हात फिरवला तर वाळताना तडे जातात आणि पापुद्रे सुटून भातात येतात. एका वर्षी लहानगी सुलक्षणा कोंबडीमागे धावत ओल्या खळ्यावर गेली आणि तिची टाच त्यात उठली. अक्काबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळं खळं खरवडून काढून पुन्हा पहिल्यापासून सारवलं. "तेवढ्यापुरतं लिंप की," असं शेजारीण म्हणाली, तर तिला उत्तर मिळालं, "ठिगळ दिसतंय." धपाटा सुलक्षणा केव्हाच विसरली. ते खरवडणं मात्र तिच्या डोळ्यांसमोर अजून आहे.

लग्न होऊन ती शिवऱ्याला आली. घरात बसून जीव रमेना म्हणून हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर गाड्या पुसायला जाऊ लागली. तिथं पुण्याहून अजित नावाचा कारागीर अधूनमधून कोटिंग करायला यायचा. हाताखालची बाकीची माणसं थर सुकेपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची, नाहीतर सुकायच्या आधीच दुसरा थर द्यायला धावायची. सुलक्षणा तेवढी गाडीसमोर बसून राहायची, दुधावर लक्ष ठेवावं तशी. "ताई, तुम्ही हे स्वतःच का करत नाही?" असं अजित एकदा बोलून गेला. तो सहज बोलला असेल, हिनं मनाशी खूणगाठ बांधली. त्याच्याबरोबर फिरून फिरून काम शिकली, हाताला कळेपर्यंत शिकली, आणि मग ही शेड उभी केली.

अक्काबाईला यातलं काहीच रुचलं नाही. "एवढी शिकवली-सवरली ती लोकाच्या गाड्या पुसायला व्हय?" एवढं बोलून तिनं विषय टाकला. गावात कुणी विचारलं, लेक काय करती, तर ती सांगायची, "कंपनीत हाय." कुठल्या कंपनीत, असं पुढं कुणी विचारलं की तिला एकदम आठवायचं, शेळीला पाला टाकायचा राहिलाय. शेड उघडून दोन वर्षं होत आली, पण तिनं आत पाऊल टाकलं नव्हतं. लेकीच्या घरी यायची, वैष्णवीचे, म्हणजे नातीचे, लाड करायची, जेवायची आणि शेडकडे न बघता ST धरून परत जायची. सुलक्षणा यावर कधी बोलली नाही. पण गिऱ्हाईक गाडीभोवती फेरी मारून खूश झालं की तिच्या मनात यायचं, हे आयेनं बघायला पाहिजे होतं. चाळिशीला आलेल्या बाईनं असं आईच्या शाबासकीसाठी झुरावं, याला काही लोक हसतील. हसू देत, त्यांनी आपापल्या मनाला विचारून बघावं.

या वर्षी दसऱ्याच्या आधी मार्गासनीचा सोमनाथ शिळीमकर नवी गाडी घेऊन आला. गाडी पांढरीशुभ्र होती, इतकी उंच की आत चढायला पायरी. तो उतरला आणि गाडीभोवती नवरदेवासारखा मिरवला.

"ताई, दसऱ्याला आईला घेऊन वेल्ह्याला मेंगाईच्या दर्शनाला जायचंय," तो म्हणाला. "गाडी अशी झाली पायजे की बायांनी तिच्यात बघून टिकली लावली पायजे."

"हुईल तशी. पण दसऱ्याच्या सकाळी मिळंल. आदल्या दिशी मागायला यायचं न्हाई."

"एक दिवस आधी न्हाई का जमणार? पाव्हणे येणारेत."

सुलक्षणानं दारावरच्या दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवलं. सोमनाथ हसला आणि किल्ली देऊन गेला.

हे काम साधं नव्हतं. वेल्ह्याच्या खोऱ्यातली ही तिच्याकडे आलेली पहिली मोठी गाडी. चांगली झाली तर खोऱ्यातल्या गाड्या शिवऱ्याला वळणार होत्या आणि बिघडली तर ती बातमी गाडीच्या आधी मार्गासनीत पोचणार होती. त्यात सोमनाथची आई धोंडाबाई आणि अक्काबाई एका बाजाराच्या, जुन्या ओळखीच्या. लेक कंपनीत आहे, हे धोंडाबाईलाही सांगून झालेलं होतं. पण सुलक्षणानं घाई केली नाही. गाडी धुतली, रंगात रुतलेली बारीक कच मऊ मातीच्या गोळ्यानं ओढून काढली, मशीननं पॉलिश केलं. मग पहिला थर दिला. तो पूर्ण बसू दिला आणि अष्टमीच्या दिवशी दिवेलागणीला दुसरा थर देऊन शेडचं दार लावून घेतलं. आता फक्त थांबायचं होतं. वरवर कोरडा दिसला तरी थर आतून कच्चा असतो. त्या वेळात त्याला पाणी लागता कामा नये, तेल लागता कामा नये, बोटसुद्धा लागता कामा नये.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, पहार, शिवणयंत्र, टेम्पो, ज्याच्या त्याच्या हाताला जे असेल ते. सुलक्षणा सकाळीच झेंडूची फुलं आणायला नसरापूरला गेली. इंद्रजितनं टेम्पोचा जॅक काढायला शेड उघडली होती, इतक्यात समोर सासूबाई उभ्या. हातात पिशवी, पिशवीत ताट, नारळ, हळदकुंकू, तेलाची वाटी आणि नव्या भाताच्या लोंब्या. दोन वर्षांत जी बाई शेडच्या बाजूला फिरकली नाही, ती आपणहून दारात आलेली बघून गडी इतका हरखला की बाकी काही सुचलंच नाही. "या की मामी, आत या," म्हणाला, आणि भाड्याची वेळ झाली म्हणून टेम्पो काढून निघून गेला.

सुलक्षणा फुलं घेऊन परतली तेव्हा शेडमधून उदबत्तीचा वास येत होता. ती दारातच थबकली. पॉलिशच्या मशीनला कुंकू लावलं होतं. दिव्याच्या स्टँडला, पाण्याच्या मोटरीला, फडक्यांच्या रॅकलासुद्धा कुंकू लावलं होतं. मशीनपुढं लोंब्या ठेवल्या होत्या. आणि या सगळ्याच्या मधोमध पदर डोक्यावर घेऊन अक्काबाई उभी होती.

"आये, तू?"

"पहाटं माझ्या विळ्या-कोयत्यास्नी कुकू लावलं," अक्काबाई म्हणाली. "लावता लावता मनात आलं, लेकीची बी हत्यारं हायत की. तिच्याकडं मोठं माणूस कोण हाय लावायला? म्हणून पहिली ST धरली."

सुलक्षणाला भरून आलं. दोन वर्षं जे बोलणं ऐकायला कान आसुसले होते ते हेच. हत्यारं. आईनं तिच्या सामानाला हत्यारं म्हटलं होतं. तिनं फुलं खाली ठेवली, वाकून नमस्कार केला, आणि वर उठताना तिला गाडी दिसली.

पांढऱ्या बॉनेटवर मधोमध, तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. खाली हळदीची पाच बोटं. त्यावर अक्षता, आणि झेंडूचं ओलं फूल.

"नवी गाडी," अक्काबाई कौतुकानं म्हणाली. "तुझ्या दारातून बोडकी कशी जाऊ द्यायची?"

सुलक्षणाला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. दोन्ही गिळून ती म्हणाली, "लई ग्वाड काढलंयस आये. तू घरी हो फुडं, वैष्णवी वाट बघत असंल. म्या आलेच."

आई वळल्याबरोबर तिनं फूल उचललं, अक्षता वेचल्या आणि कापडानं कुंकू टिपून घेतलं. वरचं निघालं. खाली, थराच्या आत, फिकट गुलाबी स्वस्तिक तसंच राहिलं, आणि त्याखाली पाच पिवळी बोटं. तिनं पुसायचं औषध लावून बघितलं, कपडा बदलून पुन्हा लावलं. फिकट झालं, पण गेलं नाही. उलट जिथं पुसलं तिथली चकाकी मेली. तेल कच्च्या थरात मुरलं होतं.

तिनं इंद्रजितला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, मग बिघडलं कुठं? उद्या गाडी न्यायच्या आधी सोमनाथची आई काय करणार? बोनेटवर स्वस्तिकच काढणार ना? तितंच काढणार. डाग त्याच्या खाली. पुढं कवा पुसताना दिसला तर म्हणतील, आमच्याच कुंकवाचा हाय. तू बोलू नको, मामींना बी सांगू नको. वर्षाच्या सणाला म्हातारी आपणहून आली, तिचं मन कशाला मोडायचं?"

फोन ठेवून सुलक्षणा बॉनेटसमोर बसून राहिली. इंद्रजितचं खोटं नव्हतं. कुणालाच कळणार नव्हतं. सोमनाथ स्वतःच्या आईच्या हाताला दोष देऊन गप्प बसला असता, अक्काबाई खुशीत गुंजवण्याला गेली असती, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ताट घेऊन आली असती. उलट हा डाग काढायचा तर मशीन लावावी लागणार. ज्या कुंकवासाठी तिनं दोन वर्षं वाट बघितली, तेच कुंकू आज नवमीच्या दिवशी तिनं घासून काढायचं. आईनं एकदा पाऊल मागं घेतलं तर ती पुन्हा येणारी बाई नव्हती, हे लेकीइतकं कुणाला माहीत?

पण धोंडाबाईनं न केलेल्या चुकीचं खापर तिच्या माथी मारायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना. आणि ती खळ्यावरची टाच काही डोळ्यांसमोरून हलेना. अक्काबाईला त्या वर्षी टाच बुजवता आली असती, वरून भात पसरल्यावर कोण बघायला येणार होतं? तरी तिनं सगळं खळं खरवडलं. आता त्याच बाईच्या लेकीनं कुंकवाखाली डाग लपवायचा म्हणजे काय! सुलक्षणाला स्वतःचाच राग आला. ती उठली आणि मशीन शेजारच्या भागाला लागू नये म्हणून बॉनेटच्या कडांना टेप लावायला लागली.

टेप लावून होत होती तेवढ्यात अक्काबाई फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली. बॉनेट रिकामं बघून ती दारातच थांबली.

"पुसलंस?"

"आये, बस जरा."

"बसती कशाला? पुसलंस का, ते सांग."

"व्हय. आन अजून मशीन लावायची हाय. डाग आत गेलाय. वरचा थर कच्चा व्हता, काल सांजच्याला दिलेला. तेलकुकू त्यात मुरलं."

अक्काबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी सणासुदीचं, म्या काढलेलं तू खरवडणार?"

"व्हय."

"थोडं ऱ्हायलं तर काय झालं? देवाचंच हाय. शिव्या देणार हाय का कुणी?"

"न्हाई देणार. कुणाला कळणार बी न्हाई," सुलक्षणा म्हणाली. "आये, ओल्या खळ्यावर माझी टाच उठली व्हती, तवा तू काय केलंवतंस? हे माझं खळं हाय. तुझा राग आला तर येऊ दे, म्या हे असं देणार न्हाई."

अक्काबाईनं भाकरीचं फडकं रॅकवर ठेवलं, पिशवी उचलली, ताट त्यात घातलं आणि ती बाहेर पडली. चपलांचा आवाज ढाब्यांकडे, ST च्या थांब्याकडे गेला. सुलक्षणाला तिच्यामागे पळत जावंसं वाटलं. ती गेली नाही. तिनं डोळे बाहीला पुसले, उजेडाचा दिवा बॉनेटवर वळवला आणि मशीनचं बटण दाबलं.

घासताना स्वस्तिकाचा एकेक हात गेला. मग मधली रेघ गेली, मग हळदीची बोटं. डागापुरतं घासून भागत नाही, नाहीतर जुना आणि नवा थर उन्हात वेगळे दिसतात, म्हणून तिनं अख्खं बॉनेट घेतलं. मशीनचा आवाज मोठा असतो हे एका परीनं बरंच. त्यात माणसाला मोकळं रडता येतं. बॉनेट पुन्हा उघड्या रंगावर आलं तेव्हा तिनं मशीन बंद केली. आता पहिला थर द्यायचा. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आज हायवेला सणाची गर्दी, कच्च्या रस्त्यावरून गाड्या ढाब्यांकडे वळतायत, आणि दाराच्या फटीतून एव्हाना धूळ यायला हवी होती. धूळ येत नव्हती. उलट ओल्या मातीचा वास येत होता.

तिनं दार किलकिलं करून बघितलं. अक्काबाई पदर खोचून, ढाब्यावरून मागून आणलेल्या बादलीतून शेडसमोर सडा टाकत होती. दारापासून रस्त्यापर्यंत सगळी माती तिनं दाबून बसवली होती. ढाब्यावरची एक गाडी शेडच्या आडोशाला लावायला ड्रायव्हर आला, तर ती हातातला तांब्या उगारून म्हणाली, "तिकडं लाव की बाबा लांब. हितं वलं काम चाललंय."

सुलक्षणाला हाक मारावीशी वाटली. "आये" हा शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण थर द्यायची वेळ झाली होती, आणि आता बोलायला लागलो तर दोघींनाही आवरणार नाही, हे तिला कळलं. तिनं दार हळूच लावून घेतलं. स्पंजाला नवं फडकं गुंडाळलं, चार थेंब टाकले आणि उभा-आडवा हात फिरवायला सुरुवात केली. झाक आली, तिनं ती पुसली आणि थांबून राहिली. दुपार कलली तशी बाहेर सड्याचं पाणी पुन्हा एकदा पडल्याचं ऐकू आलं. संध्याकाळी दुसरा थर देऊन ती बाहेर आली तेव्हा अक्काबाई उंबऱ्यावर बसली होती.

"झालं का?"

"झालं."

"मग भाकरी खा आता. सकाळपास्नं तोंडात काय घातलं न्हाईस," एवढंच म्हणून अक्काबाई उठली. त्या रात्री ती गुंजवण्याला गेली नाही, लेकीकडेच राहिली.

दसऱ्याच्या सकाळी सोमनाथ आला. बरोबर हिरवंगार लुगडं नेसलेली धोंडाबाई, तिच्या हातात ताट. शेडचं दार उघडलं आणि उजेड आत गेला तसा सोमनाथ बोलायचाच थांबला. पत्र्याच्या वाशांची, बाहेरच्या आभाळाची, दारात उभ्या माणसांची सगळी छबी त्या पांढऱ्या रंगात उतरली होती. "आयला," एवढंच तो म्हणाला, आणि मग आई शेजारी आहे हे आठवून त्यानं जीभ चावली.

सुलक्षणा त्याला समजावून सांगू लागली, आठवडाभर धुवायची नाही, पाणी पडलं तर लगेच टिपायचं. ते चाललेलं असताना धोंडाबाई ताट घेऊन पुढं झाली. तिनं कुंकवात बोट बुडवलं, तेलात बुडवलं आणि हात बॉनेटवर नेला. सुलक्षणा "काकू" म्हणेपर्यंत कुणीतरी तो हात मनगटापाशी धरला होता.

"थांबा धोंडाबाई. बोनेटला न्हाई."

धोंडाबाईनं वर बघितलं. "अगं बाई, अक्काबाई! तू हितं कुठं? आन का न्हाई? नव्या गाडीला कुकू नको व्हय?"

"चाकाला लावा. नारळ बी चाकापुढं फोडा. ह्याला आट दिस हात लावायचा न्हाई, आतनं अजून वलं हाय."

"तुला काय ठावं त्यातलं?"

अक्काबाईनं हात सोडला नाही. ती क्षणभर लेकीकडे बघून मग धोंडाबाईकडे वळली. "ठावं न्हवतं, म्हणूनच काल म्या हितंच कुकू लावलं. सगळा थर नासला. माझ्या लेकीनं तो खरवडून काढून पुन्हा पहिल्यापास्नं दिला, दिसभर उपाशी. कुणाला कळलं बी नसतं, पर दिला."

"लेकीनं?" धोंडाबाई गोंधळली. "तुझी लेक तर कंपनीत हाय ना?"

"कसली कंपनी!" अक्काबाई म्हणाली. "ही काय हिची शेड. ही काय लेक. गाड्यास्नी थर देती. आसा थर मला खळ्याला बी जमला न्हाई कवा."

सोमनाथ बॉनेटकडे बघत राहिला. डाग कुठं होता ते शोधत असावा. त्याला तो सापडला नाही. धोंडाबाई चाकापाशी गेली, टायरला कुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू चाकाखाली ठेवलं. तरी तिच्या बोटावर तेलकुंकू उरलंच होतं. ती ते पुसायला पदर शोधू लागली.

"पुसता कशाला?" अक्काबाई म्हणाली. तिनं सुलक्षणाचा दंड धरून तिला पुढं ओढलं आणि तिच्या कपाळावरचे केस हातानं मागं सारले. "हिला लावा."

धोंडाबाईनं लावलं. जरा जास्तच होतं, तेल नाकावर ओघळलं. सुलक्षणानं ते पुसलं नाही. सोमनाथनं किल्ली घेतली, आईला हात देऊन आत बसवलं, गाडी हळूच मागं घेतली आणि पहाटेच्या ओल्या सड्यावरून हायवेकडे वळवली.